धडगावच्या नावाची मूठ

तुमच्या घरात माणसं किती, असं उद्या कुणी दारात उभं राहून विचारलं, तर तुम्ही कुणाकुणाला मोजाल? उत्तराची घाई करू नका. आमच्याकडे हा प्रश्न एका हौदापाशी उभं राहून सोडवावा लागला, आणि तो हौद ज्यांचा, त्या गृहस्थांची ओळख आधी करून द्यायला हवी. तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पहिल्या घाटापर्यंत माशांवर जीव असलेली माणसं पुष्कळ आहेत. पण त्यांचा जीव ताटात जडलेला असतो. माशाला न खाता, न विकता, नुसतं पाळणारा, त्याच्या तब्येतीसाठी बायकोच्या पाण्याच्या पिंपांवर ताबा सांगणारा आणि मासा उशिरा आला तर त्याला कारण विचारणारा माणूस या मुलखात एकच निपजला. ते म्हणजे माझे फुवा. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा.

फुवा तळोद्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी त्यांनी गाड्या पुकारण्यात काढली. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे सुरतेला गेले आणि तिथल्या एका दुकानाच्या काचेत त्यांना ते जपानी मासे दिसले, ज्यांना कोई म्हणतात. पांढऱ्या अंगावर कुंकवाचा हात पुसावा तसे लाल डाग असलेली एक मासोळी त्यांच्याकडे बघत होती, असं फुवांचं म्हणणं. मासोळी दुसरीकडे कुठे बघणार, हा फुईचा सवाल. प्लॅस्टिकच्या फुगीर पिशवीत ती मासोळी मांडीवर घेऊन फुवा एसटीनं परत निघाले. कंडक्टर ओळखीचा. त्यानं हसून नमस्कार केला आणि पुढं सरकला. फुवांनी त्याचा शर्ट धरला आणि सांगितलं की सोबत एक सजीव प्रवासी आहे, अर्धं तिकीट फाड. कंडक्टर म्हणाला, साहेब, मासोळीला तिकीट नसतं. फुवा म्हणाले, कोंबडीला असतं तर हिला का नाही, ही काय फुकट्या बापाची आहे? घाट लागेपर्यंत हा वाद चालला, मागचे प्रवासी दोन्ही बाजूंनी साक्षी द्यायला लागले आणि शेवटी तिकीट फाटलं. त्यानंतर जे जे मासे आले ते असेच रीतसर आले.

त्यांची नावं ठेवण्याचा प्रश्न फुवांना पडलाच नाही; जन्मभर पुकारलेली गावं तोंडपाठ होतीच. पहिली मासोळी वळताना आधी डोकं नेई, मग पोट, मग शेपूट, अशी घाटातल्या गाडीसारखी टप्प्याटप्प्यानं वळे, म्हणून ती धडगाव. दुसरा मासा हाक मारल्यावर अर्ध्या वाटेत थांबून राही. त्याला मध्ये रेल्वेचं फाटक लागतं असं ठरवून फुवांनी त्याचं नाव खांडबारा ठेवलं. सगळ्यांच्या अंगावरून रेटून पुढं येणारी आणि दुसऱ्याचा घास गिळणारी ती सूरत. कमळाच्या पानाखालून बाहेरच न येणारी लाजरी ती मोलगी. सकाळी आणि सूर्य कलल्यावर फुवा हौदाच्या कठड्याशी उभे राहतात, दोन्ही तळव्यांचा कर्णा करतात आणि पुकारतात, "धडगावला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." मग धडगाव खरोखर येते. फुवा घरात, गल्लीत, बाजारात अहिराणी बोलतात. माशांशी मात्र शुद्ध मराठीत, कारण पुकारा हे सरकारी काम आहे. तळोदा नावाचा मासा का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. फुवांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "जठे आपन उभा शेतस, तठली गाडी कोनी पुकारस का?" आपण उभे आहोत त्याच गावची गाडी कोण पुकारतं, हे मलाच सुचायला हवं होतं.

आता माझ्याबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील आयुष्यभर पत्रकं वाटत आले. मी बाराखडी गिरवण्याआधी 'आमच्या मागण्या' हे शब्द वाचायला शिकले. नोकरीच्या निमित्तानं मी तळोद्याला आले आणि फुईकडे राहायला लागले. काम असं की आठवड्यातले बरेच दिवस जीपनं वर डोंगरातल्या पाड्यांवर जायचं. तिथे उन्हाळ्यात बाया झऱ्यापर्यंत उतरून डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. ते बघून मी खाली आले आणि परसात पोटापर्यंत खोल हौद, त्यावर पपईच्या रोपवाटिकेतून आणलेली हिरवी जाळी आणि जाळीच्या सावलीत ऐषआरामात फिरणारे हे परदेशी पाहुणे पाहिले, तेव्हा माझ्या अंगातलं पत्रक जागं झालं. पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, यावर मी फुवांपुढे उभ्यानं भाषण केलं. फुवांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. मग माझ्या हातात बादली दिली आणि हौदातलं जुनं पाणी वांग्यांना घालायला सांगितलं. तेव्हा मला कळलं की हौदातून काढलेला थेंबही गटारात जात नाही. त्यावर वांगी, कढीपत्ता, लिंबू आणि शेजारच्या दोन घरांचे अळूचे वाफे पोसले जातात, आणि त्या पाण्यासाठी गल्लीतल्या बायांचे नंबर लागलेले असतात. मी तत्त्वावर ठाम राहिले आणि वांगीही खात राहिले.

फुवांचं सगळं शास्त्र एका वाक्यात बसतं. मासा पाळायचा नसतो, पाणी पाळायचं असतं. मासा त्यात आपोआप राहतो. नळाचं पाणी त्यांनी कधी थेट हौदात घातलं नाही. त्यात औषध असतं, आणि ते माशाच्या कल्ल्यांना मिरचीच्या धुरासारखं झोंबतं. म्हणून नळाचं पाणी आधी पिंपात भरून उघडं ठेवायचं, दिवसभरानं ते 'शिळं' झालं की मगच माशांना द्यायचं. घरात ताज्या पाण्याला आणि शिळ्या पाण्याला वेगळी पिंपं, आणि पाहुण्यानं चुकून शिळ्या पाण्यात तांब्या बुडवला तर फुवांच्या चेहऱ्यावर असे भाव येत की पाहुणा तहानलेलाच उठे. एका दिवाळीला फुईनं घर घासता घासता हौदाचं गाळणंही घासलं. हे गाळणं म्हणजे एका जुन्या पिंपात नारळाचा काथ्या, तापीचे गोटे आणि भांडी घासायच्या जाळ्या रचून केलेलं प्रकरण. त्यावर शेवाळी चिकट थर साचला होता. फुईनं तो नळाखाली धरून लख्ख केला. फुवा बाजारातून आले, लख्ख गाळणं पाहिलं आणि ओट्यावर बसले. त्या थरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि तेच माशांची घाण पचवतात, हे त्यांनी तिला फार शांतपणे सांगितलं. फुई म्हणाली, दिवाळीत लोक घाण काढतात, तुम्ही घाणीसाठी सुतक धरा. फुवांनी खरोखर फराळाला हात लावला नाही, निदान संध्याकाळपर्यंत.

वीज गेली की पंप बंद पडे आणि पाण्यात हवा मिसळणं थांबे. तेव्हा फुवा कठड्यावर बसत, तांब्यानं पाणी उपसत आणि उंचावरून धार सोडत. जो भेटायला येईल त्याच्या हातातही ते बोलता बोलता तांब्या देत. धाकट्या पुतण्याच्या सोयरिकीची बोलणी याच रीतीनं झाली. मुलीचे वडील आणि दोन काका इस्त्रीच्या कपड्यांत हौदाभोवती बसून पाण्याच्या धारा सोडत होते आणि हुंडा नको, जेवण किती माणसांचं, हे ठरवत होते. वीज आली तेव्हा सोयरीक जमली होती. मुलीचे वडील नंतर म्हणाले की या घरात पाण्यात पडलेल्या जिवाची एवढी काळजी घेतात, तर मुलगी सुखात राहील.

बगळ्याचा बंदोबस्त मात्र त्यांना कधी जमला नाही. त्यांनी आपला जुना खाकी कोट बांबूला घालून बुजगावणं उभं केलं, त्याच्या गळ्यात शिट्टी बांधली. बगळा त्या बुजगावण्याच्या डोक्यावर बसून हौदाचा अंदाज घेऊ लागला. फुवा म्हणाले, कोट ओळखतो तो. नोकरीतही या कोटाला कोण घाबरत होतं? माशांना खायला घालण्याबद्दल त्यांचे नियम कडक. थोडं द्यायचं, चटकन संपेल इतकंच. थंडीत त्याहून कमी. भिजवलेले वाटाणे चालतील, पोळी, पाव, मुरमुरे कदापि नाहीत. उरलेलं अन्न पाण्यात कुजतं आणि पाणी मासे मारतं. "मासा उपासी मरत नही," ते म्हणत, "मायामा मरस." म्हणजे मायेनं. डोंगरातून टोपल्या विकायला येणाऱ्या एका बाईनं एकदा कठड्यापाशी टेकून बराच वेळ मासे पाहिले आणि बाजारी मराठीत विचारलं, खात नाही, विकत नाही, मग यांचं करता काय? फुवा म्हणाले, विचारपूस करतो. बाईला ते पटलं. ती जाताना दर वेळी धडगावची विचारपूस करून जाऊ लागली.

आता मूळ गोष्ट. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत तिची बोळवण होते. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. पुरणाच्या पोळ्या, खीर, लाल भोपळ्याची भाजी असा सगळा थाट त्यात आला. या रोटाचे फुवांच्या घराण्यातले नियम असे: गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं काढायचे, दर पुरुषामागे सव्वा मूठ. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्यानं त्याला हातही लावायचा नाही. उरला तर पौर्णिमेच्या आत वाहत्या पाण्यात सोडायचा. पाव मूठ कशी मोजतात हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही, पण माझी तक्रार ती नव्हती. सुरतेत बसलेल्या पुरुषाच्या नावानं तळोद्यात मूठ निघते आणि तळोद्यात चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नावानं निघत नाही, हे काय गणित? फुईला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, रीत आहे, मी थोडीच केली. वर मी तिची भाची, म्हणजे दुसऱ्या कुळातली. ज्या घरात मी राहते त्या घराचा रोट मला चालत नाही. कानबाईच्या दिवशी सगळे आत रोट खात आणि मी हौदाच्या कठड्यावर बसून खिचडी खाई. फुवा आत रीतीपुरता एक घास घेत आणि ताट तसंच ठेवून बाहेर माझ्याजवळ येऊन बसत. एकटा प्रवासी स्टँडवर सोडू नये, एवढंच कारण त्यांनी दिलं होतं.

गेल्या श्रावणात पावसानं रस्ते तुटले आणि सुरतेची मंडळी आलीच नाहीत. पण मुठी त्यांच्याही नावानं निघाल्या होत्या, त्यामुळे रोट डोंगरभर झाला आणि खाणारी तोंडं कमी. पौर्णिमा जवळ आली तरी डबे भरलेलेच. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती, उताराची वाट खचली होती. फुवा खांडबाऱ्याला एका जुन्या सहकाऱ्याच्या गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याला, गेले होते आणि पुरामुळे तिथेच अडकले होते. मी कामासाठी वर धडगाव गावात होते. घरात फुई आणि तिच्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळी गल्ली मोठी माय म्हणते. घराण्याची रीत त्यांना तोंडपाठ आणि त्यांचा शब्द शेवटचा. मोठ्या मायनं परसात नजर टाकली. हौदात पाइपमधून धार पडत होती. पाणी वाहत आहे, एवढं त्यांना पुरलं. दोघींनी हळदकुंकू वाहून, हात जोडून, पुरणपोळ्या, खीर, भोपळा, सगळा रोट त्या हौदात सोडला. त्यानंतर वादळात वीज गेली आणि पंपही थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपनं घाट उतरून आले, फुवा पहिल्या गाडीनं आले आणि आमची गाठ स्टँडवर पडली. पावसात भिजत आम्ही बरोबरच घरी पोचलो. फुवा चपला न काढता परसात गेले, तळव्यांचा कर्णा केला आणि पुकारलं. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. मग ते वाकले. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं, वर फेस होता आणि गूळ आंबल्याचा वास येत होता. मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून हवा ओढत होते. मोलगी आडवी तरंगत होती. ती गेली होती. धडगाव बंद पाइपच्या तोंडाखाली तिरपी पडली होती, एक कल्ला हलत होता.

फुवा ओरडले नाहीत. "कोनी टाकं?" एवढंच विचारलं. फुईनं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाण्यातलं अन्न आधी बाहेर काढायला हवं म्हणाले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हौदात उतरणं शक्य नव्हतं. शेजारचा एक जण जाळी घेऊन धावत आला, मी बाह्या सारल्या, आणि ओट्यावरून मोठ्या मायचा आवाज आला. हात लावू नका. रोट आहे तो, पाण्यात असला म्हणून काय झालं, बाहेरच्यानं शिवायचा नाही. शेजारी जाळीसकट थांबला. मी हौदात उतरायला निघालेच होते, तर मोठी माय माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नको व माय. तू परकी." माझ्या तोंडाशी एक अख्खं पत्रक आलं होतं. पण मला काही बोलावं लागलं नाही.

फुई उठली. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या सगळ्या छंदांना तिनं नावं ठेवली होती आणि या हौदाला तर रोज. तिनं पदर खोचला, स्वयंपाकघरातून पुऱ्या तळायचा झारा आणला, कठडा ओलांडला आणि पोटापर्यंतच्या पाण्यात उभी राहून रोट उपसू लागली. फुवा बाहेर उभे राहून तिच्या हातातून एकेक झारा घेत होते. सूरत तिच्या साडीला तोंड लावून उभी होती. आता मोठ्या मायला दुसरीच काळजी लागली. रोट या माशांनी खाल्लाय. बाहेरच्यानं रोट खाल्ला तर घराला बाधतो. सुरतेची पोरं, नातू, सगळ्यांच्या नावाचा रोट होता तो. आता काय करायचं? प्रश्न रीतीला धरून होता. फुईनं झारा थांबवला.

"ह्या काय बाहेरना नही, बाई," ती म्हणाली. "मन्हा घरना शेतस."

"मंग पुढला साले त्यासनी मूठ काढशी का?" मोठ्या मायनं विचारलं. हा टोमणा होता.

"काढसू," फुई म्हणाली आणि पुन्हा वाकली.

मोठी माय सहजी हरणाऱ्यातली नाही. मूठ पुरुषाची असते, तिनं आठवण करून दिली, आणि ती लाल डागवाली तर बाई आहे. गेल्या चैत्रात तिनं अंडी घातली तेव्हा तुझ्याच नवऱ्यानं गल्लीभर जिलबी वाटली. फुई पाण्यात उभी, हातात झारा, कपाळावर फेस. तिनं वळून धडगावकडे पाहिलं. मग म्हणाली की रोट खाऊन जी मरायला टेकली तिची मूठ आधी निघेल, बाकीच्यांचं नंतर बघू. मी इतकी वर्षं जे मुद्दे मांडत होते त्यातला एकही तिनं वापरला नव्हता.

रोट निघाला, पण पाणी तर बदलायला हवं होतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं म्हणून औषध जास्त घालतात, ते माशांना विष. आणि त्या दिवशी नळाची पाळी नव्हती. शिळं पाणी आणायचं कुठून? पण आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येतो, त्यामुळे घरोघरी कालचं पाणी भरून ठेवलेलंच असतं. फुवांनी कुणाकडे मागितलं नाही. वांग्यांच्या पाण्यासाठी नंबर लावणाऱ्या बाया स्वतःच हंडे घेऊन आल्या, पाणी कालचंच आहे ना हे एकमेकींना विचारत, आणि आपलं प्यायचं पाणी हौदात ओतून गेल्या. पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हा माझा प्रश्न तेव्हाही माझ्याजवळ होता. मी तो बाजूला ठेवून हंडे घेत होते.

धडगावला फुवांनी टबात घेतलं, पाण्यात थोडं खडेमीठ विरघळवलं आणि तांब्या घेऊन धार सोडत बसले. मोलगीला त्यांनी लिंबाच्या आळ्यात पुरलं. ओली साडी बदलून आलेली फुई शेजारी टेकली. तिनं टबात पाहिलं आणि विचारलं, "वाचई का हाई?"

"लेट शे," फुवा म्हणाले. "रद्द नही."

फुईनं दुसरा तांब्या घेतला. वीज येईपर्यंत दोघं आळीपाळीनं धार सोडत होती. मधल्या काळात त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी गल्लीतले हंडे परत करायला गेले होते. परत आले तेव्हा धडगाव सरळ झाली होती आणि फुई फुवांना सांगत होती की गाळणं यापुढे कुणी घासणार नाही, पण तो खाकी कोट मात्र फेकून द्या, लोक हसतात.

धडगाव वाचली. थंडी काढली, होळी काढली. पण त्यानंतर ती आधीपेक्षा सावकाश वळे, आणि फुवा पुकारून झाल्यावर कठड्यावर हात ठेवून वाट पाहत. यंदाच्या वैशाखात एका सकाळी ती वळली नाही. आजार नव्हता, पाणीही उत्तम होतं. फुवांनी तिला मोलगीशेजारी लिंबाखाली ठेवलं. टोपल्यावाल्या बाईनं पुढच्या बाजाराला येऊन विचारपूस केली आणि टोपली न विकताच बराच वेळ बसली. फुवा अजूनही रोज पहिला पुकारा धडगावचाच करतात. मग तिला यायला जेवढा वेळ लागायचा तेवढं थांबतात आणि खांडबाऱ्याकडे वळतात. 

या श्रावणात कानबाईचं दळण काढायला फुई गव्हाच्या कोठीपाशी बसली. मोठी माय समोर पाटावर नावं सांगत होती, फुई मुठी काढत होती. फुवांची निघाली, मुलाची, नातवाची, दिरांची, पुतण्यांची. नावं संपली. फुईनं आणखी एक मूठ भरली आणि म्हणाली, धडगावची. मोठी माय या वेळी टोमणा मारत नव्हती; तिनं अगदी हळू आवाजात सांगितलं की गेलेल्याची मूठ काढत नसतात. ते खरंच होतं. रीत तशी आहे. फुईची मूठ सुपावर तशीच थांबली. गहू परत कोठीत टाकायचे नाहीत, हीही रीतच. मी उंबऱ्याबाहेर उभी होते, माझ्या नेहमीच्या जागी.

फुवा परसातून हात पुसत आले. त्यांनी फुईची मूठ पाहिली, मोठ्या मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही तळव्यांचा कर्णा केला, आणि मला वाटलं ते गेलेल्या मासोळीलाच पुकारणार. पण माझ्यावरची नजर न काढता ते घरातल्या घरात, खालच्या आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाले, "तळोदा."

फुईनं मूठ सुपात सोडली. मोठ्या मायनं थोडा विचार केला आणि विचारलं, "सव्वा ना?" फुईनं वरची पाव मूठही टाकली. त्या रविवारी मी आत बसून रोट खाल्ला. पुरण चांगलं झालं होतं. फुवा सवयीनं ताट सोडून बाहेर कठड्याकडे गेले, तिथे कुणी नाही हे पाहून परत आले आणि माझ्या शेजारी बसून त्यांनी पहिल्यांदाच पोटभर रोट खाल्ला.

पत्रकाच्या शेवटी मागणी असलीच पाहिजे, असं माझे वडील म्हणतात, आणि ती एकच असावी, म्हणजे लोकांच्या लक्षात राहते. तर माझी मागणी ही: पुढच्या वेळी तुमच्या घरात कशासाठीही धान्य काढाल, सणाला, दळणाला, साध्या रोजच्या भाताला, तेव्हा नावं संपल्यावर हात लगेच बाहेर काढू नका. उंबऱ्यापाशी कोण उभं आहे ते एकदा वळून बघा, आणि त्याच्या नावानं एक मूठ टाका. नाव मोठ्यानं घ्या.